आग चौथ्या मजल्यावर, ओल तिसऱ्या मजल्यावर: पाचपाखाडीतलं एक प्रकरण

ठाण्यातल्या पाचपाखाडीतली सात मजली इमारत, बांधकाम नव्वदच्या दशकातलं. जुलैतल्या एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या घरात मागच्या बेडरूममध्ये आग लागली. घरात काका-काकू दोघंच. धूर दिसताच दोघं बाहेर पडले आणि निघताना काकांनी मेन स्विच पाडला. अग्निशमन दलाची गाडी आली, आग त्या एका खोलीतच आटोक्यात आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. इमारतीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम वगळले आहेत.

आगीचं मूळ नंतर सापडलं. एसीच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधला एक जोड सैल होता. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस त्याच्याभोवतीचं प्लास्टिक पेट घेतं. इथे शेजारी पॉलिस्टरचा पडदा होता, पडद्याला लागून प्लायचं कपाट आणि समोर फोमची गादी.

आग-पाण्याच्या नुकसानीनंतर घरं साफ करून, सुकवून पुन्हा राहण्याजोगी करणं हा माझा व्यवसाय. जळून गेलेल्या वस्तूबद्दल करण्यासारखं काहीच उरत नाही, ते मन मान्य करतं. पण आगीतून धडधाकट वाचलेली वस्तू पुढच्या चार दिवसांत घाईने, चुकीच्या पुसण्याने किंवा नुसत्या ओलीने वाया जाते, तेव्हा फार हळहळ वाटते. या प्रकरणात तो धोका दोन्ही घरांना होता. त्यातही ज्या घरात आगीची झळ पोचलीच नव्हती, त्या खालच्या घराला जास्त.

पहिली सकाळ

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी पोचलो तेव्हा वरच्या घरात नातेवाईक जमले होते. पुतण्या, त्याची बायको, शेजारच्या दोघी, सगळे मनापासून कामाला लागलेले. बादल्यांत फिनेल घालून ओल्या फडक्यांनी हॉलच्या भिंती पुसणं चाललं होतं.

"काकू, एवढं आधी थांबवा. भिंतीला पाणी लावू नका."

"अहो, सगळं काळं झालंय. पुसायला नको का?"

पुसायचंच होतं, फक्त असं नाही. स्विचबोर्डाच्या बाजूला ओल्या फडक्याने पुसलेला हातभर पट्टा होता. काळं गेलं होतं, पण जागी राखाडी, तेलकट सारवण तयार झालं होतं आणि नखाने खरवडलं तरी ते डिस्टेंपरच्या आत उतरलेलं दिसत होतं. काजळी म्हणजे अतिशय बारीक कोळसा, आणि जळालेल्या प्लास्टिक-फोमचा चिकट अंश त्याला धरून बसलेला. पाणी लागलं की हे मिश्रण रंगाच्या छिद्रांत शिरतं. मग रंग खरवडण्याशिवाय इलाज राहत नाही.

मी पिशवीतून कोरडा रबरी स्पंज काढला. हा खास काजळीसाठीच मिळतो, त्याला पाणी लावायचं नसतं. वरून खाली सरळ एक ओढ, मग तिला थोडी चढवून शेजारची दुसरी. मागेपुढे घासायचं नाही. चार ओढींत स्पंजाची बाजू काळीकुट्ट झाली आणि भिंतीचा मूळ मोतिया रंग वर आला. काळी झालेली बाजू सुरीने कापून टाकायची आणि पुढे चालायचं. काकूंनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी पाहिले आणि पुतण्याच्या हातातली बादली स्वतःच मोरीत ओतली.

स्पंजाच्या आधी व्हॅक्युम फिरवावा लागतो, आणि तो हेपा फिल्टरचाच हवा. घरगुती साध्या व्हॅक्युममधून बारीक काजळी मागच्या बाजूने पुन्हा खोलीत उडते. झाडू आणि पंखा तर पूर्ण वर्ज्य. कोरडी सफाई संपली की मगच सौम्य साबणाचं कोमट पाणी, आणि ते मात्र भिंतीवर खालून वर लावत जायचं. वरून सुरुवात केली तर खाली ओघळलेल्या घाण पाण्याच्या रेघा उमटतात आणि त्या जाता जात नाहीत. या सगळ्या कामात नाकाला एन-९५ मास्क आणि हातात मोजे हवेतच. काळे हात धुऊन निघतात, श्वासातून आत गेलेलं निघत नाही.

भिंतीपेक्षा जास्त घाई दुसऱ्याच गोष्टींची होती. वायरींचं पीव्हीसी जळतं तेव्हा हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू सुटतो. तो धुराबरोबर घरभर फिरतो, काजळीत उतरतो आणि दमट हवेत धातू खायला लागतो. जुलैतल्या ठाण्यात दमट हवेची काय कमी! स्वयंपाकघराच्या नळांच्या क्रोमवर त्या सकाळीच टिपके दिसत होते. देवघरातली समई आणि तांब्याची भांडी काळवंडली होती. म्हणून मी नातेवाइकांना भिंतींवरून काढलं आणि धातूवर लावलं. नळ, कड्या, बिजागऱ्या, कपाटांची हँडलं, देवाची भांडी: साबणाच्या पाण्याने धुवायची, लगेच कोरडी करायची, आणि कड्या-बिजागऱ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्यायचा. मदतीला आलेल्या माणसांना नुसतं थांबवून चालत नाही, त्यांच्या हाताला दुसरं काम द्यावं लागतं. त्यांची धडपड खरीच असते.

टीव्ही, मिक्सर, फ्रिज यांना हात लावायचा नाही आणि प्लग तर मुळीच लावायचा नाही, हे मी दारावर कागद चिकटवून लिहून ठेवलं. आत काजळी बसलेल्या सर्किटला वीज दिली की ते तिथेच संपतं. आधी उघडून साफ केलं तर बऱ्याचदा वाचतं. फ्रिजमधलं आणि ओट्यावरचं उघडं अन्न, धूर लागलेली पिठं आणि औषधं टाकून दिली. काकूंना औषधांची हळहळ वाटली, पण उष्णता आणि धूर लागलेल्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

खालचं घर

तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायको (माझ्यासाठी दादा आणि वहिनी), शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. आग विझवताना मोठ्या होजमधून मिनिटाला शेकडो लिटर पाणी येतं. ते वरच्या बेडरूममध्ये पडलं आणि स्लॅबमधून वाट काढत खाली आलं. पंख्याच्या हुकातून, ट्यूबलाइटच्या पॉइंटमधून, भिंतीतल्या पाइपांतून. हॉलमधलं पीओपीचं सीलिंग मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं. त्याच्या बरोबर खाली गाद्या टाकून रात्री सगळे झोपले होते, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

पाण्याने भरलेलं पीओपी एकदम कोसळतं आणि त्याचं वजन माणसाला जायबंदी करण्याइतकं असतं. आधी खोली रिकामी केली. खाली टब ठेवला. शिडी एका बाजूला लावली आणि लांब स्क्रूड्रायव्हरने फुगवट्याच्या सगळ्यात खालच्या जागी एक भोक पाडलं. चहाच्या रंगाचं, काजळीच्या वासाचं पाणी बारीक धारेने आलं. धार संपल्यावर आणखी दोन-तीन भोकं, आणि मग तेवढा भाग कापून उतरवला. सीलिंगच्या वर साचलेलं पाणी आपोआप आटत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते.

फरशी सुकावी म्हणून वहिनींनी सकाळी बेडरूमचा पंखा लावला होता. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, पडला. त्यांनी वर केला. पुन्हा पडला.

"वहिनी, पडलेला एमसीबी पुन्हा वर करू नका. तो वाचवतोय तुम्हाला."

वायरमनने प्रत्येक सर्किट वेगळं करून मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावला. पाचशे व्होल्टला तारेच्या आवरणाचा रोध किमान एक मेगाओम यायला हवा. हॉल आणि मागच्या बेडरूमच्या सर्किटला तो त्याच्या आसपासही नव्हता. स्वयंपाकघराची लाइन दुसऱ्या बाजूने आली होती, ती ठणठणीत निघाली. त्यामुळे फ्रिज आणि एक दिवा चालू ठेवता आला. बाकी तारा पाइपांतून ओढून बाहेर काढल्या, तेव्हा एका पाइपातून कपभर पाणी गळलं. तारा तशाच ठेवून वरचे बोर्ड कोरडे केले असते, तर वीज चालू झाली असती आणि काही महिन्यांनी याच घरात आगीचं नवं कारण तयार झालं असतं.

मग सामान. काय टाकायचं, काय ठेवायचं हे ठरवताना घरातल्यांचा जीव तुटतो, म्हणून हे काम भराभर उरकायचं नसतं. पार्टिकल बोर्डाचा दिवाण फुगला होता. तो परत बसत नाही, त्यामुळे टाकला. कापसाच्या गाद्या साध्या पाण्याने भिजल्या असत्या तर कापूस वाळवून, पिंजून पुन्हा भरता आला असता. या गाद्यांत काजळीचं पाणी होतं, त्या गेल्या. आजींचं सागवानी कपाट मात्र वाचण्यासारखं होतं. विटांवर उचलून ठेवलं, खण बाहेर काढले, भिंतीपासून वीतभर लांब सरकवलं. दादा म्हणाले, गच्चीवर उन्हात ठेवू का? ऊन त्या दिवशी नव्हतंच, पण असतं तरी नको म्हटलं असतं. भिजलेलं सागवान एकदम तापवलं की तडकतं. ते सावलीत, सावकाश सुकलं पाहिजे.

कपाटाच्या खालच्या खणात आजींच्या लग्नाचा अल्बम होता. फोटो एकमेकांना चिकटायला लागले होते. ओले फोटो ओढून वेगळे केले की वरचा थर निघून येतो आणि चेहराच जातो. जे सहज सुटले ते स्वच्छ पाण्यातून काढून जाळीवर पसरले. जे चिकटले होते त्यांचे गठ्ठे मेणकागदात गुंडाळले, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवले. गोठलं की नासणं थांबतं, मग महिन्याने वेळ काढून ते काम करता येतं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुलांचे दाखले, सगळं त्याच वाटेने गेलं. शेजारच्या वहिनींनी मटाराच्या पिशव्या काढून जागा करून दिली. आजी दिवसातून दोनदा जाऊन विचारत, "आहेत ना गं ते फोटो?"

टाइल्सखालचं पाणी

आग विझून दोन दिवस झाले तरी तिसऱ्या मजल्यावर पंख्याच्या हुकातून थेंब पडत होते. वरची फरशी कोरडी होती, काकूंनी ती चारदा पुसून घेतली होती. मग पाणी येत होतं कुठून?

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत स्लॅब आणि टाइल यांच्यामध्ये वाळू-सिमेंटचा दीड-दोन इंचांचा थर असतो. फुटलेल्या सांध्यांतून पाणी त्या थरात उतरतं आणि तिथेच राहतं. कुंडीला पाणी घातल्यावर खालची बशी जशी नंतर कितीतरी वेळ भरत राहते, तसा तो थर खाली पाझरत राहतो. वरून कितीही पुसा, त्याला काही होत नाही.

ओल मोजायचं मीटर घेऊन मी वरच्या घराच्या स्कर्टिंगच्या कडेने चालत गेलो. बेडरूममध्ये काटा टोकाला. पॅसेजमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत तसाच. हॉलच्या तोंडाशी उतरला आणि हॉलमध्ये कोरडा. म्हणजे पाणी पॅसेजच्या निम्म्यापर्यंत टाइल्सखाली पसरलं होतं. बेडरूमच्या टाइल्स आगीने तडकल्याच होत्या, त्या काढण्याला कुणाचा विरोध नव्हता. प्रश्न पॅसेजचा होता. तिथल्या टाइल्सना ओरखडाही नव्हता.

काकूंचा बांध तिथे फुटला. "जे जळलं ते जळलं. जे वाचलंय ते आता तुम्ही फोडणार?"

मला याचं उत्तर शब्दांत देता येईना. मी त्यांना म्हटलं, "काकू, दोन मिनिटं खाली या माझ्याबरोबर." तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला हाताच्या पंज्याएवढा ओला डाग होता, आदल्या दिवशी तो नव्हता. त्याच्या मधोमध एक थेंब जमत होता. खाली पातेलं ठेवलेलं, शेजारी मुलांची दप्तरं उंच स्टुलावर. काकू बराच वेळ वर बघत राहिल्या. मग वहिनींना म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं गं." वर आल्या आणि काकांना म्हणाल्या, "काढू दे टाइल्स."

पॅसेजची एकच रांग काढली, तीही छिन्नीने, शक्य तेवढ्या अखंड. ओल्या व्हॅक्युमने त्या खाचेतून पाणी ओढायला लागलो तेव्हा पिंप भरत गेलं. आजूबाजूच्या टाइल्सखालचं पाणी त्या रांगेकडे यायला लागलं. बेडरूमचा सगळा थर खोऱ्याने काढून गोण्यांत भरला. खालचे थेंब त्यानंतर थांबले. या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी ती टाइल्सची रांग दाखवेन. ती तशीच ठेवली असती तर खालच्या घरात केलेलं बाकीचं सगळं काम पाण्यातच गेलं असतं.

जुलैत घर कसं सुकवायचं

घर ओलं झालं की खिडक्या उघडायच्या, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मे महिन्यात ते बरोबर आहे. जुलैत नाही. तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम बाष्प मावतं. बाहेर पाऊस असताना त्यातले २५-२६ ग्रॅम आधीच भरलेले असतात. अशी हवा भिंतीची ओल काय शोषणार? धुराचा वास आणि उडती काजळी बाहेर काढण्यासाठी सुरुवातीला खिडक्या उघड्या ठेवल्या, त्या सफाईपुरत्या. त्यानंतर बंद.

बंद खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, ठेवला आणि भिंतीला समांतर हवा जाईल असे पंखे. पंखा भिंतीवरची ओलसर हवा हलवतो, यंत्र तिच्यातलं पाणी काढून टाकीत जमा करतं. दोघं एकत्र असले तरच उपयोग. नुसता पंखा एका भिंतीची ओल दुसऱ्या भिंतीला नेऊन देतो. वीज घेतली मीटर रूममधून, वेगळा बोर्ड करून आणि त्यावर आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून. टाकीतून रोज बादलीभर पाणी निघायचं. घरातली मुलं ते मोठ्या कुतूहलाने बघायची, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही त्यामुळेच यंत्राच्या आवाजाला कंटाळली नाहीत. पाणी डोळ्यांना दिसत होतं.

बरेच रंगारी भिंतीसमोर हॅलोजन लावून ती सुकवतात. त्याने वरचा पापुद्रा सुकतो, आत ओल तशीच. शिवाय पडदे, लाकूड, थिनर असलेल्या खोलीत रात्रभर हॅलोजन जळत ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. याला मी कधीच हो म्हणत नाही.

भिंत सुकली की नाही हे हाताला कळत नाही. दरवाजाच्या लाकडी चौकटीत मीटरच्या सुया टोचून रोजचा आकडा त्याच चौकटीवर खडूने लिहिला. पहिल्या दिवशी ३० टक्क्यांच्या वर होता, तो १४-१५ वर येऊन स्थिरावला तेव्हा लाकूड सुकलं असं मानलं. गिलाव्याचा मीटरवरचा आकडा नुसता घेऊन अर्थ नसतो. त्याच घरातल्या न भिजलेल्या भिंतीशी तो ताडून बघायचा. मीटर नसेल तर दीड फूट चौकोनी प्लास्टिक कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे.

बुरशीला एक-दोन दिवस पुरतात. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकलेल्या बुककेसच्या मागे हिरवट ठिपके दिसले, तेवढा प्लाय कापून टाकला. वहिनींच्या एका नातलगाने ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र करून भिंतीला मारायचा सल्ला दिला होता. ते वेळीच कानावर आलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. कुणीही, कुठल्याही कारणाने हे करू नये.

स्लॅब

आग लागलेल्या खोलीचा स्लॅब भरवशाचा आहे का, हा प्रश्न सगळ्या इमारतीचा होता. खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट वाकली होती पण वितळली नव्हती. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे निदान त्या जागी उष्णता तिथवर गेली नव्हती. कपाटाच्या वर मात्र गिलावा सुटून पडला होता आणि एका ठिकाणी सळई दिसत होती. काँक्रीटची ताकद साधारण ३०० अंशांच्या पुढे ठळकपणे कमी होऊ लागते. त्या सुमाराला काही काँक्रीट गुलाबी पडतं, ते बघून अंदाज बांधतात. पण आपल्याकडची खडी काळ्या बेसाल्टची, तिच्यात तो रंगबदल नेहमी स्पष्ट दिसत नाही. गुलाबी नाही म्हणून सगळं ठीक, असा निष्कर्ष काढायचा नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने हातोडीने स्लॅब ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखल्या. मग काँक्रीटची ताकद अजमावणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी घेतली, आणि महत्त्वाचं म्हणजे तीच चाचणी न जळालेल्या हॉलच्या स्लॅबवरही घेतली. तुलना केल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. नुकसान वरवरच्या थरापुरतं निघालं. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून झिंकचा प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टरने भरलं. इमारत तिशीच्या उंबरठ्यावर होती. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. या निमित्ताने सोसायटीने ते लांबलेलं कामही हाती घेतलं.

कागदपत्रं आणि पैसे

काका-काकूंची स्वतःची पॉलिसी नव्हती. सोसायटीची इमारतीपुरती होती. खालच्या घराची मात्र गृहकर्ज घेताना काढलेली भारत गृह रक्षा पॉलिसी निघाली. ती आपल्याकडे आहे हेच दादा विसरले होते, बँकेच्या फाइलमध्ये सापडली. ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं असेल तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. वस्तूंची यादी आधी द्यावी लागत नाही. डेब्रिज (राडारोडा) उचलण्यासाठी दाव्याच्या २ टक्के आणि इंजिनिअर-सर्व्हेअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत तरतूद असते. आग विझवताना मारलेल्या पाण्याचं नुकसान आगीच्याच नुकसानीत धरतात, त्यामुळे "आमच्याकडे आग लागलीच नाही" म्हणून दादांनी दावा सोडून द्यायचं कारण नव्हतं. ते तसंच समजून बसले होते.

विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत काही हलवायचं नाही, अशी एक समजूत आहे आणि ती फार नुकसान करते. नुकसान वाढू न देणं ही विमा घेणाऱ्याचीच जबाबदारी असते. कंपनीला लगेच कळवलं, ईमेल केला, हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, टाकलेल्या गाद्यांचा आणि प्लायचा एकेक तुकडा पिशवीत घालून नाव लिहून ठेवला, आणि मग पाणी काढायला सुरुवात केली. बिलं नव्हती त्या वस्तूंसाठी वहिनींनी वाढदिवसाचे जुने फोटो शोधले. केकच्या मागे दिवाण, टीव्ही, बुककेस सगळं दिसत होतं. सर्व्हेअरने ते मान्य केलं. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांकडची नोंद सोसायटीने एकदमच मागवली. खालच्या घराचं सामान त्यांच्या पॉलिसीतून, दोन्ही घरांचा गिलावा आणि वायरिंग बव्हंशी सोसायटीच्या पॉलिसीतून झालं. काका-काकूंच्या सामानाचं काही मिळालं नाही.

रंग

"गणपतीच्या आत रंग झाला पाहिजे," हे वाक्य मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आलं. खालच्या हॉलच्या भिंतीचा आकडा तोवर खाली आलेला नव्हता. मी नको म्हटलं. आजींनी निकाल दिला: गणपती येतील तसेच, मखराच्या मागे पडदा लावा. मुलांच्या खोलीचं मात्र काही जमलं नाही. दादांच्या भावाने ओळखीचा रंगारी आणला, दोन दिवसांत लांबी (पुट्टी) आणि रंग उरकला, खोली छान दिसली. नवरात्रात तिथे पोपडे आले आणि खिडकीखाली मिठाचा पांढरा फुलोरा. हॉलला ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पाऊस परतल्यावर, रंग लागला आणि तो आजही जसाच्या तसा आहे. एकच घर, एकच पाणी, एकच सिमेंट, फरक थांबण्याचा. मुलांची खोली पुन्हा खरवडावी लागली आणि तो खर्च पॉलिसीत बसला नाही.

वर बेडरूमच्या भिंती सुकल्यावर थेट रंग दिला असता तर काजळीचा पिवळा डाग आणि वास काही आठवड्यांत वर आला असता. आम्ही फ्रेंच पॉलिशवाल्याकडची चपडी (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा कोट मारला, त्यावर प्रायमर, मग रंग. चपडी डाग आणि वास दोन्ही आत कोंडून ठेवते. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्या दिवशी गॅस, वीज, उदबत्ती सगळं बंद, आणि खिडक्या सताड उघड्या. काकूंच्या रेशमी साड्या धुतल्या नाहीत, बाहेर झटकून जाणकार ड्रायक्लीनरकडे दिल्या. एका पैठणीची जरतार काळवंडली ती काळवंडलीच, बाकी सगळ्या घालण्यासारख्या परत आल्या.

सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव केला की प्रत्येक घरातले एसी आणि गीझरचे पॉइंट परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यायचे, खर्च निम्मा सोसायटीचा. पहिल्याच फेरीत आणखी काही घरांत करपलेली सॉकेटं निघाली. काका-काकूंनी आता पॉलिसी घेतली आहे. वरच्या घरात दमट दिवशी पॅसेजमधल्या माळ्यापाशी अजून धुराचा वास येतो. माळ्याच्या मागच्या फळीला न रंगवलेला, उघडा प्लाय आहे आणि त्यात वास मुरलाय. ओझोनचं यंत्र लावून बघू का, असं पुतण्याने विचारलं. त्यासाठी घरात कुणी राहून चालत नाही आणि रबराच्या वस्तू खराब होतात. एका फळीसाठी ते करण्यात अर्थ नाही. फळी काढून दुसरी बसवायची, सुताराला माप दिलं आहे.